खानेसुमारीत न आलेल्या

चिमेनलीच्या कुरणावर त्या दिवशी जे झालं ते भर दुपारी झालं, सगळं घराणं जेवायला जमलेलं असताना, आणि तेसुद्धा हसण्याखिदळण्यात. म्हणून तर लोक ते अजून हसत हसत सांगतात. सबीहाही त्यांच्यात हसते. फक्त तिचं हसू सगळ्यांच्या आधी संपतं.

सबीहा त्राबझोनच्या बाजारात पडदे शिवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हिवाळ्यात गिऱ्हाईक तुटक, बाहेर पाऊस आणि समुद्राचा घोष. अशा हिवाळ्यात माणसाला काहीतरी वेड लागतंच. त्या वर्षी तिला घराण्याची मुळं खणण्याचं लागलं, आणि ते लावलं हनीफे आत्याने.

हनीफे आत्या म्हणजे सबीहाच्या वडिलांची थोरली बहीण. नव्वदी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण जिभेला अजून गंज नाही. दर उन्हाळ्यात गाईंबरोबर ती कुरणावर चढायची. तिथं घराण्याचं दगडी पायाचं, वर लाकडाचं जुनं घर आहे. दार उघडलं की आधी चूल पेटवायची आणि जे शिजेल त्याची पहिली पळी चुलीच्या कडेला ओतायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. ती पळी पहिल्या बाईची. घरातल्या पोरासोरांना तिची गोष्ट पाठ होती: नवरा लष्करात गेलेला, वसंतात अवेळी बर्फ पडलेलं, आणि ही बाई खालच्या गावातून मडक्यात निखारे घेऊन, मडकं कोटाखाली पोटाशी धरून एकटी वर आली. तिने चूल मांडली, म्हणून हे घर. घराण्याचं नावच कोझओलू, निखाऱ्यांची माणसं. सगळं ठाऊक होतं, फक्त तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आत्या पळी ओतताना म्हणायची, "घे बाई, तू जी कोण असशील ती."

त्या वर्षी डॉक्टरने आत्याला सांगितलं की हृदय थकलंय, एवढ्या उंचीवर आता जायचं नाही. आत्या म्हणाली, एकदा शेवटचं जाणार, मग तू सांगशील तसं. आणि तिने सबीहाला फोन लावला.

"तू शिकलेली आहेस, तुला कागद वाचता येतात. मला या खेपेला तिला नावानं हाक मारायची आहे. इतकी वर्षं दारात उभं करून 'तू जी कोण' म्हणतेय. लाज वाटते गं."

"शोधते आत्या."

"शोधते नको म्हणूस. आणते म्हण."

"आणते," सबीहा म्हणाली, आणि तिथंच फसली.

सरकारी नोंदींतून ती आजोबांच्या आजोबांपर्यंत पोचली आणि पुढे वाट बंद झाली. मग कुणीतरी सांगितलं की सुलतानाच्या काळात, जवळजवळ दोनशे वर्षांमागे, या डोंगरांत घरोघर फिरून खानेसुमारी झाली होती, तिच्या वह्या आता नव्या लिपीत उतरवून छापल्यात. शहरातल्या ग्रंथालयात ते जाडजूड पुस्तक होतं. सबीहा दुकान बंद करून रोज तिथं जाऊन बसायची. आणि एका दुपारी ते सापडलं: कोझओलूंचं घर. तिला इतका आनंद झाला की शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला तिने पर्समधली हेझलनटची वडी देऊन टाकली.

मग ती वाचू लागली. कासिमचा मुलगा ओमर, मध्यम उंची, काळी दाढी. त्याचा मुलगा मुस्तफा, उंच, लाल मिशी. त्याचा भाऊ सालीह, ठेंगणा, दाढी फुटलेली नाही, डावा डोळा अधू. मुस्तफाचा मुलगा हसन, तान्हा. पुढे दुसरं घर सुरू. सबीहाने पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. आख्ख्या खोऱ्यात एकही बाई नव्हती.

ग्रंथपाल पुस्तकं लावता लावता म्हणाला, "ताई, सुलतानाला सैन्य हवं होतं नि कर हवा होता. त्याने दाढ्या मोजल्या."

सबीहाने त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि उन्हाळ्यात, कुरणाच्या मेळाव्याला, रिकाम्या हाताने वर गेली.

मिनीबस वळणं घेत चढत होती, आत सगळे भाऊबंद, मांडीवर पावाची पोती, कुणाचं तरी केमेंचे, सारंगीसारखं छोटं वाद्य, आधीच कुरकुरायला लागलेलं. चुलतभाऊ इद्रिस ड्रायव्हरला रस्ता शिकवत होता, आणि ड्रायव्हर त्याला गप्प बसायला शिकवत होता. वर पोचले तेव्हा ऊन लख्ख पडलेलं, गाई उतारावर पसरलेल्या, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. इद्रिसची बायको नुरगुल आदल्या दिवशीच आत्याला घेऊन वर आली होती. आत्या भिंतीलगतच्या बाकावर शाल गुंडाळून बसली होती. सबीहाला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले.

"आणलंस?"

सबीहा तिच्याजवळ टेकली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आत्या ऐकत राहिली. तिचा चेहरा पडला नाही, पण तिने शाल जरा घट्ट ओढून घेतली.

"एकही नाही?"

"एकही नाही आत्या. सगळीकडे तेच आहे."

"कमाल आहे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "मेल्यावर मातीत ठेवलं की इमाम आईच्या नावाने हाक मारतो. अमकीचा मुलगा, अमकीची मुलगी. तिथं वर आईचं नाव लागतं. मग इथं लिहून ठेवायला काय झालं होतं यांना?"

इद्रिस मागे उभा राहून ऐकत होता. या माणसाला कुणी उदास झालेलं बघवत नाही. कबरस्तानातही तो कुणाला तरी हसवून येतो. त्याने सबीहाच्या हातातले कागद ओढून घेतले.

"आत्या, थांब. सुलतानाचा कारकून आलाय, अन् तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नाही."

त्याने टॉवेलचा फेटा बांधला, दुधाची बादली पालथी घालून वर बसला आणि नाकावर नसलेला चष्मा सारखा केला. "कोझओलूंचं घर, हजर व्हा. जो लपेल त्याचा कर दुप्पट." पोरं धावत आली, माणसं गोल करून उभी राहिली. "कासिमचा मुलगा ओमर, मध्यम उंची, काळी दाढी."

वरच्या घरातल्या एका काकांनी काठी उचलली. "हजर. दाढी पांढरी झाली, तेवढी दुरुस्त कर."

"त्याचा मुलगा मुस्तफा. उंच, लाल मिशी."

सगळ्यांच्या माना एकदम इद्रिसच्या थोरल्या भावाकडे, याकुपकडे वळल्या. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच, आणि मिशा मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या. दोनशे वर्षांमागच्या कारकुनाने जणू त्यालाच बघून लिहिलं होतं. हशा असा पिकला की गाईंनी माना वर केल्या. याकुप लाजून म्हणाला, "हजर."

"त्याचा भाऊ सालीह, ठेंगणा, दाढी नाही, एक डोळा अधू..." इद्रिस थांबला. "हा मीच दिसतोय."

"डोळा नाही, अक्कल अधू," याकुप म्हणाला.

"मुस्तफाचा मुलगा हसन, तान्हा." कुणीतरी घरातलं सगळ्यांत लहान बाळ वर उचललं, ते भोकाड पसरून रडलं, ती त्याची हजेरी धरली. आत्याही हसत होती, डोळे पुसत हसत होती. सबीहाला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

याच वेळी खालच्या दरीतून धुकं वर येऊ लागलं. कुरणावर त्याचं कुणाला काही वाटत नाही. ते दुपारचं येतंच, पांढरं, आवाज न करता. आधी खालची झाडं जातात, मग उतार, मग गाई. घंटा तेवढ्या ऐकू येत राहतात. बघता बघता ते अंगणाच्या दगडी कठड्याला येऊन टेकलं आणि तिथं थांबलं.

"संपलं?" आत्याने विचारलं.

"संपलं आत्या."

"या एवढ्या दाढ्यांना जेवायला कोण घालत होतं?"

आता कुणी हसलं नाही. इद्रिसने कागदाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग तो बादलीवरून उठला, धुक्याकडे तोंड केलं, आणि दरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा लांबवून ओरडला, "कोझओलूंच्या घरातल्या बायका... लिहायच्या राहिलेल्या... आपापली नावं सांगा..."

सगळे पुन्हा हसायला लागले. हसणं ओसरलं. घंटा वाजत होत्या. मग एकेक करून त्या थांबल्या, जणू गाईंनी सगळ्यांनी मिळून चरणं थांबवलं.

आणि धुक्यातून, कठड्याच्या पलीकडून, एका बाईचा आवाज आला.

"आहे."

इद्रिस खुशीत आला. "शाब्बास. नाव सांगा बाई, कारकुनाला घाई आहे."

"गुलबेयाज. ओमरची बायको."

"वा, नुरगुल, काय नाव शोधलंस," इद्रिस म्हणाला.

"मला काय म्हणतोयस?" नुरगुल दारातून बोलली. ती चुलीपाशी होती. हातात पळी होती, पळीवरून मक्याच्या पिठाच्या कुयमाकातल्या चीजची तार लोंबत होती. तिच्या मागून घरातल्या बाकीच्या बायका डोकावत होत्या. इद्रिसने त्यांच्याकडे पाहिलं. मग कठड्याकडे पाहिलं. त्याने फेटा काढून हातात घेतला, का ते त्यालाही कळलं नसावं.

"आहे," दुसरा आवाज आला. हा तरुण होता, जरा धाप लागलेला. "मिहरीबान. सालीहला देणार होते. मी आधीच गेले."

"कोण आहे तिकडे?" याकुप म्हणाला. तो कठड्यापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. पुढे पाऊल टाकलं नाही. पुढे उतार आहे, धुक्यात माणूस पाऊल टाकत नाही, असं तो नंतर म्हणाला.

वास यायला लागला होता. ओल्या लोकरीचा, धुराचा, नुकत्या काढलेल्या दुधाचा. आणि आवाज येतच होते, घाई नाही, ओरडणं नाही. पाणवठ्यावर बायका आपली पाळी आली की पुढे होतात तसे. "आहे... झुल्फिये." "आहे... नाझिके. मी दुसरी बायको, पण लिहा." आणि प्रत्येक आवाजासरशी धुकं कठड्याशी थोडं हलत होतं. पोरं आयांच्या परकरांत शिरली. सबीहाने आत्याचा हात घट्ट धरला. तो हात मात्र ऊबदार होता.

आत्या उठून उभी राहिली. वाकलेली पाठ तिने जमेल तेवढी सरळ केली.

"इथं पहिली चूल कुणी पेटवली?" तिने विचारलं. "निखारे कुणी आणले?"

मग अगदी जवळून, जणू कठड्यावर हात टेकून कुणी उभं असावं तसा, थकलेला, भरदार आवाज आला.

"मी. शाहसेने."

आत्याने डोळे मिटले. तिने ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग ती नुरगुलकडे वळली आणि एरवीसारख्या हुकमी स्वरात म्हणाली, "पळी आण इकडे. ती बिचारी उभी आहे." नुरगुलने पळी आणून दिली. आत्या पायरी पायरी चढत आत गेली, चुलीच्या कडेला ती ओतली आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घे शाहसेने. खूप उशीर झाला, माफ कर."

बाहेर धुक्यात कुणीतरी हसलं. बायका लग्नघरात हसतात तसं, पुष्कळ जणी मिळून.

आत्या परत बाकावर येऊन बसली आणि तिने स्वतःच गंभीरपणे सांगितलं, "हनीफे. हजर. लिही रे इद्रिस."

इद्रिसने खिशातली पेन्सिल काढली आणि कागदाच्या मागच्या बाजूला सगळी नावं लिहिली. शेवटी 'हनीफे' लिहिलं. तेव्हा धुक्यातून आणखी एक आवाज आला.

"सबीहा," तो म्हणाला. "आणि ही लहान आहे. हिचंही लिहा."

तो सबीहाचाच आवाज होता. तिचा तो किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा आवाज, घरातल्या कुणीही ओळखावा असा. मग इद्रिसने सबीहाकडे पाहिलं आणि गुडघ्यावर थाप मारून तो खाली बसला.

"ताई... तू. अगं, जीव घेतलास की आमचा. तू होतीस होय सगळा वेळ?"

सगळ्यांच्या छातीतला अडकलेला श्वास एकदम सुटला. कुणी म्हणालं, शाळेत असताना ही मास्तरांचे आवाज काढायची, आठवतंय का. कुणी म्हणालं, आत्यासाठी केलं, केवढं मोठं मन. याकुपने तिला मिठी मारली. नुरगुल रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, धुकं कठड्यावरून मागे सरलं, घंटा वाजू लागल्या. पलीकडे ओलं गवत होतं, आणखी काही नाही. केमेंचेवर सूर लागला आणि माणसं हातात हात घालून होरोनच्या रांगेत उभी राहिली. त्या दिवशी नाचले तसे कोझओलू त्याआधी कधी नाचले नव्हते. पायांखालची जमीन दणाणत होती.

सबीहा नाचली. तिला ओढून रांगेत घेतलं आणि ती नाचली. मी नव्हते, असं तिने एकदा म्हणून पाहिलं, पण सगळे आणखीच हसले. आणि सगळे इतके आनंदात होते की दुसऱ्यांदा म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

दमून ती आत्याशेजारी येऊन बसली. आत्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून नाच बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, "मी तुझ्या ओठांकडेच बघत होते. तुझं तोंड मिटलेलं होतं."

सबीहा तिच्याकडे वळली. "आत्या, तो माझा आवाज..."

"तुझाच होता. पण म्हातारा होता. माझ्यासारखा चिरका झालेला." आत्याने चहाचा घोट घेतला. "म्हणजे तू पुष्कळ जगणार. चांगलंच आहे की."

"आणि ती लहान? ती कोण?"

आत्याने पेला खाली ठेवला. "तिचा आवाज नाही आला," ती म्हणाली. "नुसता श्वास ऐकला मी. ती मला नाही ओळखू आली बाळा."

हनीफे आत्या पुढच्या हिवाळ्यात गेली, खालच्या गावात, झोपेत, तोंडावर हसू घेऊन. तिच्यानंतर पहिली पळी नुरगुल ओतते आणि शाहसेनेचं नाव घेते. दर उन्हाळ्यात इद्रिस टॉवेलचा फेटा बांधून खानेसुमारी करतो, आता बायकांची नावं आधी वाचतो. धुकं कधी येतं, कधी येत नाही. पलीकडून कुणी ओ देत नाही. मग सगळे सबीहाच्या मागे लागतात, "ताई, काढ की तो आवाज." ती म्हणते, "गेला तो, हरवला." वर्षं जात राहिली. आता सबीहाची पाठ वाकली आहे, पडदे शिवणं तिने सोडलं आहे, उन्हाळाभर ती कुरणावरच असते.

धुकं आलं की ती दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालते आणि कुठल्याही पोरीचा हात धरत नाही. घरच्यांना वाटतं, हिला संधिवात आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिला सर्दी झाली होती. दुपारी धुकं चढलं तेव्हा इद्रिसची पाच वर्षांची नात, देर्या, बाहेर कुठंतरी होती. सबीहाने उंबऱ्यात उभं राहून तिला हाक मारली. आत चहा ओतणारा इद्रिस खदखदून हसला. "हाच, हाच तो आवाज. जमला की ताई तुला परत."

सबीहाने खिशातले हात आणखी खोल घातले.

धुक्यातून देर्या धावत आली, गाल लाल, पायाला ओलं गवत चिकटलेलं, आनंदात. एक हात तिने पुढे केलेला होता, बोटं मिटलेली, नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा. ती सबीहापुढे थांबली, तिच्या खिशांकडे बघत राहिली, आणि रुसून म्हणाली,

"असं काय गं आजी? आत्ता तर धरला होतास."